नोटीस बोर्डावरचे तीस दिवस

दोघेही सज्ञान आहेत, धर्म वेगळे आहेत आणि घरचे ऐकायला तयार नाहीत. अशा वेळी लग्न करता येते का, हा प्रश्न नागपूरसारख्या शहरात नवा नाही. महाल आणि मोमीनपुरा, इंदोरा आणि जरीपटका, सदर आणि धरमपेठ या वस्त्यांतली मुले एकाच कॉलेजात शिकतात, एकाच कंपनीत नोकरी करतात, एकाच मेट्रोने फिरतात. प्रश्नाचे कायदेशीर उत्तर अगदी थोडक्यात देता येते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे कलम ४ फक्त चार गोष्टी पाहते. दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा. दोघेही संमती देण्याइतक्या सुस्थित मनाचे असावेत. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण असावीत. आणि दोघांमध्ये लग्नाला निषिद्ध ठरेल इतके जवळचे नाते नसावे. वडिलांची संमती, जातपंचायतीचा दाखला, धर्मगुरूंची चिठ्ठी यांतले काहीही कायदा मागत नाही. धर्म बदलायला तर तो सांगतच नाही. आपला धर्म न सोडता परधर्मीयाशी लग्न करता यावे, यासाठीच तो केलेला आहे.

मग इतकी जोडपी घाबरून का वागतात? घाईघाईने धर्म बदलून निकाह का लावतात, कुठल्यातरी मंदिरात हार घालून मोकळी का होतात, कायद्याने दिलेली सरळ वाट टाळून आडवाट का धरतात? समाजाचा धाक हे अर्थातच मोठे कारण आहे. पण एक कारण खुद्द कायद्यातच दडलेले आहे. विशेष विवाह कायदा एका हाताने हक्क देतो आणि तो वापरण्याआधी तीस दिवस त्या दोघांना भर चौकात उभे करतो. ही अट आता काढून टाकली पाहिजे, आणि धर्मांतराची ज्यांना खरोखर काळजी वाटते त्यांनी ही मागणी सर्वांच्या आधी करायला हवी. असे का, ते समजण्यासाठी या कायद्याचा इतिहास थोडा उलगडून पाहावा लागेल.

१८७२ चा पहिला विशेष विवाह कायदा ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून आला. त्यात लग्न करणाऱ्याला लिहून द्यावे लागे, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही. धर्म नाकारल्याशिवाय नोंदणी पद्धतीने लग्न करण्याची सोय नव्हती. ही अट सैल करण्याचे काम ज्यांनी केले ते हरिसिंग गौर मध्य प्रांतातले नामांकित वकील होते, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपला धर्म न नाकारता आपसांत असे लग्न करण्याची मुभा मिळाली. मात्र विरोधकांची समजूत घालण्यासाठी त्या दुरुस्तीत काही कलमे आली, ती आज वाचताना अंगावर येतात. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त होई. त्याला मूल दत्तक घेता येत नसे. आणि तो बापाचा एकुलता एक मुलगा असेल, तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याचा हक्क मिळे. म्हणजे पोटचा मुलगा जिवंत असताना कायद्याने त्याला नसल्यात जमा केले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला, तेव्हा देशात हाच दुरुस्त केलेला जुना कायदा लागू होता.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि धर्माची अट सर्वांसाठीच गेली. दत्तकाची ती अपमानास्पद कलमेही राहिली नाहीत. १९७६ च्या दुरुस्तीने दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याची तरतूदही त्यांना लागू होईनाशी झाली. म्हणजे शंभर वर्षांत या लग्नासाठी मोजावी लागणारी किंमत टप्प्याटप्प्याने उतरत गेली. एकच किंमत वाढली. १८७२ च्या कायद्यात नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावे लागे, १९५४ मध्ये त्याचे तीस दिवस झाले. इंग्रज सरकारने परक्या प्रजेवर जितकी नजर ठेवली, त्याच्या दुपटीहून अधिक काळ स्वतंत्र भारताने आपल्या सज्ञान नागरिकांवर ती ठेवावी, याचे समर्थन कसे करणार?

ही नोटीस म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा नमुना आहे. त्यात दोघांची नावे, वय, व्यवसाय, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, सध्याचा राहण्याचा पत्ता, तो कायमचा नसेल तर कायमचा पत्ता, आणि तिथे किती दिवसांपासून राहतो, असे रकाने आहेत. दोघांपैकी एक जण तरी नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असला पाहिजे. विवाह अधिकारी ही माहिती नोंदवहीत चढवतात, आणि ती नोंदवही कोणालाही, कसलेही शुल्क न भरता पाहता येते. नोटिशीची एक प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. मुलगी मूळची गोंदियाची असेल आणि नोकरीसाठी नागपुरात राहत असेल, तर एक प्रत गोंदियाच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. ज्या गावातून ती भीतीपोटी बाहेर पडली, त्याच गावच्या सरकारी भिंतीवर तिचे नाव, त्याचे नाव आणि दोघांचे पत्ते महिनाभर लटकतात. कोणी मोबाइलवर फोटो काढला की काम झाले. केरळात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर या नोटिसा टाकल्या जात. त्या उतरवून घेऊन समाजमाध्यमांवर फिरवल्या गेल्या, तेव्हा जुलै २०२० मध्ये तिथल्या सरकारने त्या ऑनलाइन टाकणे बंद केले.

या तीस दिवसांत हरकत घेता येते, पण ती कशावर घेता येते हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. कलम ४ मधल्या चार अटींपैकी एखादी मोडते आहे, एवढाच आक्षेप चालतो. ‘आमच्या धर्मात हे मान्य नाही’, ‘समाजात आमची मान खाली जाईल’, ‘मुलाचे घराणे ठीक नाही’ या तक्रारी कितीही कळकळीच्या असल्या, तरी विवाह अधिकाऱ्याला त्यावर लग्न अडवता येत नाही. हरकतीचा निकाल त्यांनी तीस दिवसांत द्यायचा असतो. त्यांनी हरकत मान्य केली तर जोडप्याला जिल्हा न्यायालयात अपील करता येते. हरकत खोडसाळ ठरली तर घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. एक हजार रुपये! एका मुलीचे आयुष्य दोन महिने टांगणीला लावण्याचा हा दर १९५४ चा आहे आणि आजही तोच आहे.

न्यायालये या बाबतीत कायद्याच्या पुढे गेली आहेत. २००६ मध्ये लता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सज्ञान मुलीने आपल्या पसंतीने लग्न केले तर आईवडिलांना फार तर तिच्याशी संबंध तोडता येतील; धमकावणे, मारहाण किंवा छळ करता येणार नाही. केरळातल्या हादिया या तरुणीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिचे लग्नच रद्द ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय फिरवला आणि जोडीदार निवडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२१ चा एक निकाल आपल्या सीमाभागाशी जोडलेला आहे. बेळगाव जिल्ह्यातली एक सुशिक्षित तरुणी घर सोडून गेली, तिने लग्न केले आणि तसे कळवलेही. तरी वडिलांच्या मिसिंगच्या तक्रारीवरून मुरगोडचे तपास अधिकारी तिने पोलीस ठाण्यातच येऊन जबाब द्यावा म्हणून अडून बसले. सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची कानउघाडणी केली, दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवल्यावर कुटुंबाच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज उरत नाही असे बजावले, आणि अशी प्रकरणे कशी हाताळावीत याचे प्रशिक्षण पोलिसांना आठ आठवड्यांत द्यायला सांगितले. त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनावरील विचारांचा आधार घेतला आहे. नोटिशीबद्दल तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्टच म्हटले, की ती प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे. पण तो निकाल बंधनकारक आहे उत्तर प्रदेशापुरता. नागपूरचा विवाह अधिकारी कायद्याची अक्षरे पाहतो, आणि त्यात तीस दिवस अजून तसेच आहेत.

नागपूरच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गोंधळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर इथे बौद्ध समाज मोठा आहे, आणि बौद्ध व हिंदू यांच्यातली लग्ने घरोघरी ‘परधर्मातले लग्न’ म्हणून अडवली जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र हिंदू विवाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना लागू आहे. त्यामुळे अशा जोडप्याला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागत नाही. दोघांपैकी एकाच्या रीतीने विधी करून नंतर नोंदणी करता येते. इथे सावधगिरीचा एक शब्द. विधी खरोखर झालेला असला पाहिजे. विधी न करताच मिळवलेल्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. विधी नको असेल तर विशेष विवाह कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत, दोघांना कळेल त्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे बोलावे लागते. तेवढे मराठी वाक्य हाच तिथला विधी.

आता प्रत्यक्ष धोका असेल तर काय करायचे? मुलगी सज्ञान असेल तर ‘पळवून नेली’ ही तक्रार कायद्याच्या कसोटीला टिकत नाही. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पळवण्याचा गुन्हा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत होतो. तिने वयाच्या पुराव्यासह पोलीस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना स्वतः लेखी कळवावे, की मी माझ्या मर्जीने गेले आहे. गरज पडली तर दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवता येतो. पोलिसांनी दोन्ही बाजूंना समुपदेशन सुचवायला हरकत नाही, नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलसारखी सोयही आहे. पण सज्ञान मुलीला समुपदेशनाच्या नावाखाली थांबवून ठेवणे किंवा तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात पाठवणे बेकायदा आहे. घरच्यांनी कोंडून ठेवले असेल तर जोडीदाराला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला आमच्यासमोर आणा, असा आदेश मागता येतो. शक्ती वाहिनी खटल्यात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा असावा असे आदेश दिले. महाराष्ट्राच्या गृह विभागाने त्याप्रमाणे परिपत्रक काढायला डिसेंबर २०२४ उजाडला. दरम्यानच्या काळात हे काम स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले होते. जातपंचायत किंवा समाजाची मंडळी वाळीत टाकत असतील, तर २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

मालमत्तेची धमकी तर हमखास दिली जाते. ‘आमच्या इस्टेटीत पाय ठेवू देणार नाही.’ वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, आणि लग्न जातीत केले काय नि धर्माबाहेर केले काय, हा नियम सारखाच आहे. पण वडिलोपार्जित हिश्श्याची गोष्ट निराळी. हिंदू व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली मुसलमान किंवा ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न केले तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे धरतात. विभक्त होणारा माणूस आपला हिस्सा घेऊन विभक्त होतो, तो गमावत नाही. धर्म बदलला तर मात्र हिंदू वारसा कायद्यानुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा आजोळच्या किंवा आजोबांच्या मालमत्तेवरचा वारसाहक्क धोक्यात येतो. याउलट हिंदू पत्नीने धर्म न बदलता मुसलमान पतीशी निकाह लावला तर ते लग्न अनियमित ठरते आणि तिला त्याचा वारसा मिळत नाही. मुले मात्र औरस असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे पुढच्या पिढीसह सर्वांचे हक्क शाबूत ठेवणारी वाट विशेष विवाह कायद्याचीच आहे, आणि नेमकी तिच्याच तोंडाशी आपण तीस दिवसांचा अडसर घातला आहे.

या मागणीवर पहिला आक्षेप फसवणुकीचा घेतला जातो. नोटीस नसेल तर आधीच विवाहित असलेला माणूस सहज दुसरे लग्न करील, असे म्हणतात. पण हिंदू पद्धतीने, निकाहने रोज लागणाऱ्या असंख्य लग्नांना अशी सरकारी नोटीस लागत नाही. तिथे फसवणुकीची भीती वाटत नाही आणि फक्त धर्म ओलांडणाऱ्यांच्या बाबतीत ती दाटून येते, हे कसे? खोटे शपथपत्र देणे हा गुन्हा आहेच, पहिला जोडीदार असताना दुसरे लग्न करणे हाही गुन्हा आहे. कागदपत्रे तपासण्याचे काम अधिकाऱ्याने करावे. ते शेजारपाजाऱ्यांवर का सोपवायचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आईवडिलांच्या मनातून येतो. मुलीची सुरक्षितता. २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत तिच्या जोडीदाराने केलेला अमानुष खून उघडकीला आला, तेव्हा महाराष्ट्रातली कितीतरी घरे हादरली. ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पण त्या प्रकरणात लग्न झालेलेच नव्हते, आणि घराशी तुटलेला संबंध हीच अशा मुलीची सर्वांत मोठी असहायता असते. तो संबंध तोडण्याची धमकी देणारे कुटुंब तिला अधिक सुरक्षित करत नाही. नोंदणी झालेल्या लग्नात तिला पोटगी, निवास, वारसा हे सगळे हक्क मिळतात, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा मिळतो. आणि धोका दुसऱ्या बाजूनेही असतो. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यातल्या सोनईत प्रेमसंबंधाच्या संशयावरून तीन दलित तरुणांचे खून झाले. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ही ‘अब्रू’ राखण्याची हिंसा कुठल्या एका समाजाची मक्तेदारी नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत आपल्या धर्मातल्या स्त्रियांना बाहेर लग्न करण्यापासून रोखणे अत्यंत महत्त्वाचे मानणारे हिंदू ६७ टक्के होते आणि मुसलमान ८० टक्के. परधर्माला शत्रू मानणारी ही मंडळी, बायकांवरच्या पहाऱ्याच्या बाबतीत मात्र एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

तिसरा आक्षेप धर्मशास्त्राचा. आमच्या शास्त्रात किंवा शरियतमध्ये असे लग्न बसत नाही, तर कायद्याने ते लादू नये. पण कायदा कुणावर काय लादतो? कोणत्याही भटजीला, काझीला किंवा फादरला हे लग्न लावण्याची सक्ती नाही. कोणाला ते पवित्र मानायची सक्ती नाही. मे २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी असे मत मांडले, की मुस्लिम पुरुष आणि हिंदू स्त्री यांचे लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदले तरी मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसार ते अनियमितच राहील. मला हे मत पटत नाही. कलम ४ ची सुरुवातच विवाहविषयक इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, अशा अर्थाने होते. वैयक्तिक कायद्याच्या बाहेर नेण्यासाठी केलेल्या कायद्याला पुन्हा वैयक्तिक कायद्याचे माप लावले, तर १९२३ पासूनची सगळी खटपट वाया जाते.

राज्य सरकारची नजर मात्र दुसरीकडे वळली आहे. १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी ‘परिवार समन्वय समिती’ नेमली गेली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत आंतरजातीय विवाह त्यातून वगळले आणि आंतरधर्मीय तेवढे ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली, ती ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करता येईल का, हे पाहण्यासाठी. फसवून किंवा जबरदस्तीने कोणाचा धर्म बदलला जाऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण लग्नासाठी होणारे धर्मांतर ज्यांना थांबवायचे आहे, त्यांनी आधी धर्मांतराविना होणारे लग्न सोपे करायला नको का? आज निकाह एका दिवसात लागतो आणि विशेष विवाहाला कमीत कमी महिना लागतो, तोही पत्ते भिंतीवर लावून. जीव मुठीत धरून निघालेली मुलगी काय निवडील?

आणि घरच्यांचा विरोध नसला, तरी बाहेरचे स्वस्थ बसत नाहीत. २०२१ मध्ये नाशिकमध्ये एका हिंदू-मुस्लिम जोडप्याचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले होते. दोन्ही कुटुंबे राजी होती. समारंभाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि इतका गदारोळ झाला, की मुलीच्या घरच्यांना ठरलेला सोहळा रद्द करावा लागला. पाठिंबा उभा राहिल्यावर तो पुढे पार पडला. तिथे एक पत्रिका पुरली. सरकारी नोटीस तर त्याहून तपशीलवार असते.

तीस दिवसांची अट मूळ कायद्यातून काढणे हे संसदेचे काम आहे. पण विवाह हा विषय समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्राला राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यापुरती दुरुस्ती करता येते, आणि तेवढी वाट पाहायची नसेल तर कायद्याच्या कलम ५० ने नियम करण्याचा अधिकार राज्याला दिलेलाच आहे. नोटिसा इंटरनेटवर दिसू नयेत, विवाह अधिकाऱ्याने कोणाच्याही घरी पत्र पाठवू नये, धर्माच्या कारणावरची हरकत दाखल करून घेतानाच बाजूला ठेवावी, आणि नोटीस देणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या हातात विशेष कक्षाचा नंबर त्याच दिवशी द्यावा, एवढे मंत्रालयातल्या एका आदेशाने होऊ शकते.